रविवारच्या चाचणीतले १९८ गुण: शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्षात घराने काय करावे

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षातला एका आईचा प्रश्न आहे. मुलगी पाचवीत, अनुदानित मराठी शाळेत शिकते. शाळेत शिष्यवृत्तीचे जादा तास असतात आणि त्याखेरीज संध्याकाळी खासगी क्लास असतो. क्लासमध्ये दर रविवारी ३०० गुणांची सराव चाचणी होते आणि रात्री पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्या मुलांच्या गुणांची यादी उतरत्या क्रमाने येते. दिवाळीपासून मुलगी १९० ते २०० यांच्या मध्येच अडकली आहे आणि अलीकडे शनिवारी रात्री तिचे पोट दुखू लागते. वडिलांचे म्हणणे असे, की परीक्षेला दोनच महिने उरले आहेत, आता ढिलाई नको. आजींचे म्हणणे असे, की धाकट्या काकांचे नाव चौथीत असताना यादीत लागले होते, मग हिला का जमू नये. मुलीला परीक्षेतून काढावे का, आणि तिसरीतल्या धाकट्या भावाला आत्तापासूनच क्लास लावावा का, असे आईने विचारले आहे. सोबत मुलीच्या ताज्या चाचणीचे विषयवार गुणही कळवले आहेत: मराठी ४४, गणित ६२, इंग्रजी ४०, बुद्धिमत्ता ५२.

प्राथमिक शाळेत शिष्यवृत्तीचे वर्ग घेण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला आणि निवृत्तीनंतर पालकांशी याच विषयावर बोलणे होत असते. ताई, परीक्षेतून मुलीचे नाव काढू नका. रविवारची पूर्ण चाचणी मात्र पुढचे तीन आठवडे बंद करा आणि गटावरची ती यादी घरात मोठ्याने वाचणे आजपासून थांबवा. धाकट्याला क्लास लावू नका. आता याची कारणे जरा विस्ताराने सांगते, कारण घरातल्या दोन मोठ्या माणसांना आपल्याला ती पटवून द्यावी लागणार आहेत.

पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिचे दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, प्रत्येक पेपर १५० गुणांचा आणि वेळ दीड तास. म्हणजे वाचणे, विचार करणे आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल रंगवणे या सगळ्यासाठी एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडून इतका वेग मागणारी दुसरी परीक्षा त्याच्या शालेय आयुष्यात त्या वेळेपर्यंत आलेली नसते. वर्गातल्या घटक चाचणीत उत्तम गुण मिळवणारे मूल इथे अडखळते ते बहुधा यामुळे, आणि पालक मात्र ‘शाळेत हुशार आहे, मग इथेच काय होते’ म्हणून चिडतात.

या परीक्षेत दोन वेगवेगळ्या रेषा आहेत आणि बहुतेक घरांत त्यांची सरमिसळ होते. दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० गुण मिळाले की मूल ‘पात्र’ ठरते. शिष्यवृत्तीधारक होणे ही निराळी गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचे संच, म्हणजे द्यायच्या शिष्यवृत्त्यांची संख्या, आधीच ठरलेले असतात, ते जिल्हानिहाय आणि ग्रामीण, शहरी अशा गटांत वाटलेले असतात आणि त्या त्या गटातल्या गुणवत्ता यादीत वरच्या मुलांना ते मिळतात. त्यामुळे एका जिल्ह्यात ज्या गुणांवर नाव लागते त्याच गुणांवर शेजारच्या जिल्ह्यात ते लागत नाही, आणि शहरी यादीत हुकलेले मूल त्याच गुणांनी ग्रामीण यादीत बसले असते असेही घडते. अलीकडच्या वर्षांत पाचवीच्या परीक्षेला राज्यात पाच लाखांच्या आसपास मुले बसत आली आहेत, त्यांतली साधारण चौथाई पात्र ठरतात आणि शिष्यवृत्तीचे संच साडेसोळा हजारांच्या घरात आहेत. शंभरात तीन-चार मुले, एवढाच हा हिशेब आहे. यादीत नाव न लागणे हा या परीक्षेचा सर्वसाधारण निकाल आहे. तो अपवाद असल्यासारखे घरात वागले गेले, की मुलाला आपण काहीतरी वाईट केल्यासारखे वाटू लागते.

आपल्या मुलीचे आकडे याच हिशेबात पाहा. पहिल्या पेपरात तिला ४४ आणि ६२ मिळून १०६, दुसऱ्यात ४० आणि ५२ मिळून ९२. दोन्ही पेपरांत ती पात्रतेच्या रेषेच्या बरीच वर आहे. सराव चाचणीचे गुण आणि परिषदेच्या परीक्षेचे गुण तंतोतंत जुळत नाहीत हे खरे, त्यातही खासगी चाचण्यांचे पेपर मुद्दाम अवघड काढण्याची अनेकांना सवय असते. पण क्लासच्या यादीत चाळिसांत तेविसावी असलेली मुलगी राज्याच्या पातळीवर मागे पडलेली आहे, असा अर्थ त्या यादीतून कोणत्याही रीतीने निघत नाही. त्या क्लासमध्ये निवडक मुलेच जातात.

पैशांचाही विचार करून टाकू, कारण वडिलांच्या मनात तो असणारच. पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम पूर्वी वर्षाला १,००० रुपये होती, २०२३ मध्ये ती ५,००० झाली आणि ती आठवीपर्यंत तीन वर्षे मिळते. पंधरा हजार रुपये ही रक्कम अनेक घरांना खरोखर उपयोगाची आहे, मी ती हलकी लेखत नाही. परंतु शहरात वर्षभराचा क्लास, चाचणीमाला, मार्गदर्शिकांचे संच आणि जाण्यायेण्याची रिक्षा यांची बेरीज एकदा कागदावर करून पाहावी. बहुतेकांना असे दिसते, की शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वीच ती खर्च झालेली आहे. याचा अर्थ तयारी व्यर्थ आहे असा नाही. बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावाने मुलांना आकृत्यांतला क्रम ओळखता येतो, प्रश्न नीट वाचण्याची सवय लागते, पुढे सातवी-आठवीच्या परीक्षांना त्याचा फायदा होतो. तयारीची ही कमाई मुलीच्या पदरात आधीच पडली आहे आणि ती निकालावर अवलंबून नाही.

आता पोटदुखीकडे येते, कारण माझ्या मते या पत्रातली तीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जंत, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग अशी साधी कारणे असू शकतात आणि ‘परीक्षेचे नाटक’ म्हणून ती दडपली जातात. तपासणीत काही निघाले नाही, तरी दुखणे खोटे ठरत नाही. या वयाची मुले ‘मला भीती वाटते’ असे क्वचितच म्हणतात. त्यांचे पोट दुखते, डोके दुखते, चाचणीच्या सकाळी उलटीची भावना येते, झोपेत दचकायला होते, काहींच्या बाबतीत बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. वहीवर खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडणे, तयार असलेले उत्तर तीन-तीनदा विचारून घेणे, चाचणीचा कागद दप्तराच्या तळाशी दडवणे हीसुद्धा तीच लक्षणे आहेत. दुखणे शनिवारी रात्री सुरू होते आणि रविवारी दुपारी थांबते, एवढ्यावरून त्याचे कारण कळण्यासारखे आहे. तीन आठवडे रविवारची चाचणी बंद केल्यावरही ते टिकले, भूक किंवा झोप बिघडत गेली, अथवा ‘मी वाईट आहे’, ‘मी नसले तर बरे’ अशी भाषा तोंडी आली, तर वाट न पाहता समुपदेशकाकडे जावे. जवळपास कोणी नसेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे.

चाचणी बंद करायची म्हणजे अभ्यास बंद करायचा नाही. आठवड्याला ३०० गुणांचा पेपर सोडवणे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तसाच पेपर सोडवणे याने गुण वाढत नाहीत, कारण मधल्या आठवड्यात चुकांचे काहीच केलेले नसते. दिवाळीपासून मुलगी १९० ते २०० मध्येच फिरते आहे याचे कारण माझ्या अनुभवाप्रमाणे इथेच सापडेल. क्लासवाल्यांनाही हे कळते, पण चाळीस मुलांच्या चुका एकेक करून पाहणे त्यांना शक्य नसते आणि चाचणी घेणे सोपे असते.

त्यापेक्षा तिचा ताजा गणिताचा भाग समोर घ्या. ६२ गुण म्हणजे ३१ उत्तरे बरोबर आणि १९ चूक किंवा सोडलेली. हे १९ प्रश्न तिच्या शेजारी बसून, घड्याळ न लावता, पुन्हा सोडवून घ्या आणि प्रत्येकाच्या पुढे चूक कशी झाली ते तिलाच लिहू द्या. मी हे काम ज्या मुलांकडून करून घेत असे त्यांच्यात साधारण असे चित्र दिसे: पाच-सहा प्रश्नांपर्यंत मूल पोचलेलेच नसे, वेळ संपली म्हणून शेवटी अंदाजाने गोल रंगवलेले असत, चार-पाच प्रश्न घाईने वाचलेले असत, ‘बरोबर नसलेला पर्याय कोणता’ असे विचारले असता बरोबर पर्याय निवडलेला असे, आणि सात-आठ प्रश्न खरोखर न समजलेले असत, त्यांतलेही निम्मे एकाच घटकातले, बहुधा अपूर्णांक किंवा क्षेत्रफळ. एकदा हे दिसले की ‘गणित कच्चे आहे’ हे वाक्य घरातून हद्दपार होते. पूर्ण गणित कच्चे नसते, अपूर्णांक कच्चे असतात, आणि अपूर्णांक सुधारायला आठ-दहा दिवस पुरतात.

बुद्धिमत्तेतला एक प्रश्न उदाहरणादाखल सांगते, कारण तो जवळजवळ दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. ‘मुलींच्या रांगेत सीमा डावीकडून सातवी आणि उजवीकडून बारावी आहे, तर रांगेत एकूण मुली किती?’ वर्गातली निम्मी मुले १९ लिहितात. मूल बेरीज बरोबर करते, सीमा मात्र दोन्हीकडून मोजली जाते आणि ती एकच मुलगी आहे हे निसटते. उत्तर १८ आहे. हा प्रश्न चुकला की क्लासमध्ये सूत्र दिले जाते: दोन्ही क्रमांकांची बेरीज वजा एक. मूल सूत्र पाठ करते आणि पुढच्या वेळी ‘दोघींच्या मध्ये किती मुली’ असे विचारले की तेच सूत्र चुकीच्या जागी लावते. त्याऐवजी बाटल्यांची अठरा झाकणे फरशीवर ओळीत मांडा, त्यांतले एक लाल ठेवा आणि मुलीला दोन्ही टोकांकडून मोजू द्या. लाल झाकणावर बोट दोनदा टेकते हे तिला स्वतःला दिसले की सूत्राची गरज उरत नाही. आरशातील प्रतिमा, घड्याळ, दिनदर्शिका या घटकांनाही हेच लागू आहे. घरातला आरसा आणि भिंतीवरचे कालनिर्णय हे या विषयाचे उत्तम साहित्य आहे आणि आजींना त्यात आनंदाने सहभागी होता येते.

या तीन आठवड्यांनंतर पंधरा दिवसांतून एक पूर्ण चाचणी पुरे. ती सकाळी, नाश्त्यानंतर, दोन पेपरांच्या मध्ये विश्रांती देऊन घ्यावी. निकाल सांगताना बेरीज शेवटी सांगा. आधी ‘मागच्या वेळी अपूर्णांकांचे पाच चुकले होते, आज दोन चुकले’ हे सांगा, कारण तिच्या हातात असलेली गोष्ट तीच आहे. यादीतला क्रमांक दुसऱ्या एकोणचाळीस मुलांच्या हातात असतो. चुकीच्या उत्तराला या परीक्षेत गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवू नये हे तिला नीट समजावून द्या. वेळेअभावी सुटणारे प्रश्न असतील तर एकाच प्रश्नावर अडून न बसता पुढे जाण्याचा सराव वेगळा करून घ्यावा. पुढे जाताना उत्तरपत्रिकेवर प्रश्न क्रमांक पाहूनच गोल रंगवायचा, ही सवय त्याच सरावात लागली पाहिजे. एक प्रश्न सोडला आणि गोल सोडला नाही, म्हणून पुढची दहा उत्तरे एका घराने सरकलेली मी पाहिली आहेत, आणि असे मूल निकाल लागेपर्यंत आनंदात असते.

झोपेत कपात करू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते. शाळा, जादा तास, क्लास, मग जेवण आणि नंतर गृहपाठ अशी रांग लागली की दहा-अकरा वाजतात आणि सकाळी सहाला उठवावे लागते. अशा मुलाची घाईने वाचण्याची चूक वाढते, आणि ती वाढली म्हणून आणखी चाचण्या लावल्या जातात. शाळेचे जादा तास आणि क्लास यांपैकी एकच ठेवायचा असेल तर मी शाळेचे तास ठेवायला सांगेन. अनेक मराठी शाळांत, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळांत, शिक्षक शाळेच्या वेळेआधी आणि नंतर कोणताही मोबदला न घेता हे तास घेतात आणि मूल त्यांना पहिलीपासून माहीत असते.

गटावरच्या यादीबद्दल आता स्पष्ट बोलते. त्या यादीने कोणाही मुलाचा अभ्यास सुधारत नाही. तिचा उपयोग क्लासला आपण काम करतो आहोत हे दाखवण्यापुरता असतो. शाळांच्या बाबतीत कारण थोडे अधिक करुण आहे. मराठी शाळांचा पट कमी होत चालला आहे आणि शिष्यवृत्तीधारकांची छायाचित्रे असलेला फ्लेक्स ही त्यांना परवडणारी एकच जाहिरात उरली आहे. त्या फ्लेक्समागची धडपड मला समजते, तिच्यातून मीही गेले आहे. तरीही पाचवीतल्या मुलांची नावे गुणांच्या क्रमाने चाळीस घरांत पाठवणे समर्थनीय ठरत नाही. आपण क्लासच्या शिक्षकांना गटावर न लिहिता स्वतंत्रपणे, सौम्य शब्दांत लिहावे: ‘सर, आमच्या मुलीचे गुण यापुढे गटावर न टाकता आम्हाला वेगळे कळवावेत ही विनंती. तिच्या चुका कोणत्या घटकांत होत आहेत हे आपण सांगितलेत तर घरी सराव घेऊ.’ असे लिहिणारे आपण एकटे पालक राहत नाही, असा अनुभव आहे. एकाने लिहिले की दोघे-तिघे मागून लिहितात, कारण यादीच्या तळाला असलेल्या मुलांचे पालक इतके दिवस गप्प बसलेले असतात. शाळेकडून किंवा क्लासमध्ये मुलांना मारले जात असेल, चुकांच्या संख्येइतक्या उठाबशा काढायला लावल्या जात असतील, किंवा सगळ्यांसमोर टाकून बोलले जात असेल, तर मात्र सौम्य विनंतीचा प्रश्न राहत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे.

वडिलांशी बोलताना ‘मुलीला त्रास देऊ नका’ असे म्हणू नका. त्यांना तो आरोप वाटेल आणि बोलणे तिथेच संपेल. त्यांच्या हातात वर सांगितलेला चुकांचा कागद द्या आणि अपूर्णांकांचे आठ दिवस त्यांच्याकडे सोपवा. काळजी करणाऱ्या माणसाला नेमके काम मिळाले की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. ‘आता नाही तर कधीच नाही’ हे त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, हेही त्यांना दाखवता येईल. आठवीत एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलांसाठी ती आहे आणि तिची शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये आहे. पाचवीत यादीत न आलेली कितीतरी मुले आठवीत ती मिळवतात, कारण मधल्या तीन वर्षांत त्यांचे वाचन वाढलेले असते.

आजींचे बोलणे थांबवणे अवघड आहे आणि थांबवावे असेही मला वाटत नाही. ही परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे, तीन पिढ्यांच्या आठवणी तिच्यात गुंतलेल्या आहेत आणि धाकट्या मुलाचे नाव लागल्याचा दिवस आजींच्या आयुष्यातला मोठा दिवस असणार. काकांची तुलना तेवढी मोडून काढा. काकांनी दिलेली परीक्षा चौथीची होती, तिच्या पेपरांची रचना निराळी होती आणि त्या काळी घरोघरी रविवारच्या चाचण्या नव्हत्या. काकांनाच एखाद्या संध्याकाळी बोलावून मुलीसमोर विचारा, की त्यांचे कोणते पेपर वाईट गेले, कशात ते नापास झाले. मोठ्यांच्या तोंडून अपयशाचे एक तरी सविस्तर वर्णन मुलांनी ऐकायला हवे. आपल्याकडे सत्कार सविस्तर सांगितले जातात आणि अपयश एका वाक्यात उरकले जाते.

मुलगी नवोदयलाही बसत असेल तर त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा, कारण तिथे गुणांच्या आधी वेगळाच निर्णय असतो. जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची निवड चाचणी ८० प्रश्नांची, १०० गुणांची आणि दोन तासांची असते. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा असतात, त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी राखलेल्या असतात आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. शहरातल्या मुलीला तिथे जागा फार थोड्या आहेत. निवड झालीच, तर अकराव्या वर्षी वसतिगृहात राहायला पाठवण्याची घराची आणि मुलीची तयारी आहे का, हे परीक्षेला बसवण्याआधी ठरवायचे असते. निवड झाल्यावर आई पाठवायला तयार नाही असे मी पाहिले आहे, आणि अशा वेळी मुलीला आपण जिंकलो की हरलो हेच कळत नाही.

परीक्षेनंतरचे काही महिने बहुतेक पालकांच्या हिशेबात नसतात. परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, तिच्यावर आक्षेप मागवते, मग अंतिम उत्तरसूची येते, त्यानंतर अंतरिम निकाल, गुणपडताळणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. अंतरिम उत्तरसूची आली की त्याच संध्याकाळी घरोघरी पेन्सिल घेऊन बेरजा सुरू होतात आणि गटावर ‘आमची २४६ येते, तुमची?’ असे संदेश फिरू लागतात. आपल्या घरी ती बेरीज करूच नका. मुलीला स्वतःला करावीशी वाटली तर करू द्या, पण आकडा घराबाहेर जाणार नाही असे तिला आधी सांगा आणि ते पाळा. सूचीत दुरुस्त्या होतात, काही प्रश्न रद्द होतात आणि या बेरजा चार-सहा गुणांनी हलतात. त्यावर आधीच पेढे वाटलेल्या घरांची नंतर पंचाईत होते. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आल्याआल्या प्रश्नपत्रिका हातातून घेऊन तपासायला बसू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण दरवर्षी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून पहिल्या पेपरातल्या चुका मोजणारे पालक दिसतात आणि दुसऱ्या पेपरात मूल रडवेले बसलेले असते. त्या सुट्टीत जेवण, पाणी आणि स्वच्छतागृह एवढीच तीन कामे आहेत.

नाव काढू नका असे मी का म्हणते, ते राहिले. चार महिने तयारी करून शेवटच्या टप्प्यात मुलीला बाहेर काढले, तर ‘हिला हे झेपण्यासारखे नाही’ असा निर्णय आईवडिलांनी दिला, असे तिला वाटेल. यादीत नाव न येण्यापेक्षा हे अधिक काळ टोचते. तिला स्वतःला विचारा, पण ‘परीक्षा द्यायची का’ असे एकदम विचारू नका. या वयाची मुले समोरच्याला हवे असलेले उत्तर देतात. ‘चाचणीतला कोणता भाग तुला सोडवायला आवडतो आणि कोणता नको वाटतो’ असे विचारा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा. वर सांगितलेले बदल केल्यावरही ती सातत्याने नको म्हणत असेल, किंवा समुपदेशकांनी तसे सांगितले, तर मात्र बिनदिक्कत थांबा. पाचवीची शिष्यवृत्ती न दिल्याने पुढचे कोणतेही दार बंद होत नाही. सहावीत प्रवेश त्याच शाळेत होणार आहे.

धाकट्याची गोष्ट मुलीपेक्षा वेगळी आहे, कारण त्याच्या वेळी परीक्षाच बदललेली असेल. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला घेतली जात होती. ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला असून २०२५-२६ हे एकच वर्ष पाचवी-आठवी आणि चौथी-सातवी अशा दोन्ही परीक्षांचे आहे. त्यामुळे आपला मुलगा पुढच्या वर्षी, म्हणजे बहिणीपेक्षा एक वर्ष लहान असताना, परीक्षेला बसेल. ही बातमी आली तेव्हापासून तिसरीच्या बॅचच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि आपल्याला पडलेला प्रश्न बहुधा तिथूनच आला असावा. नवव्या वर्षी ७२ सेकंदांचा वेग मागणे मला घाईचे वाटते, आणि जादा तास आणखी लवकर सुरू करण्याची चढाओढ यातून वाढेल अशी धास्तीही वाटते. तिसरीच्या वर्षात त्याला रोज अर्धा तास स्वतः निवडलेले काहीतरी मोठ्याने वाचू द्या, दुकानातला हिशेब करू द्या, पाढे वीसपर्यंत पक्के होऊ द्या, पत्ते आणि बुद्धिबळ खेळू द्या. चौथीच्या जूनमध्ये शाळेचे शिक्षक जे सुरू करतील ते पुरे आहे. बहिणीच्या मार्गदर्शिका त्याच्यासाठी जपून ठेवू नका. इयत्ता बदलल्यामुळे त्यांतला बराच भाग त्याच्या उपयोगाचा नाही.